जुना गेम, नवा पडदा

बाबा आमच्याकडे बंगळूरला राहायला आले, तेव्हा त्यांच्याबरोबर तीन नग होते. एक कपड्यांची बॅग, एक पत्र्याचा हत्यारांचा डबा आणि सुतळीने करकचून बांधलेलं पुठ्ठ्याचं खोकं. बॅग त्यांनी पलंगाखाली सरकवली, डबा तिच्याशेजारी ठेवला आणि खोकं माळ्यावर टाकायला सांगितलं.

“बाबा, कपाटातला एक कप्पा तुमच्यासाठी रिकामा केलाय,” मी म्हटलं.

“असू दे की. चार दिवसांसाठी कशाला?”

त्या चार दिवसांचे चार महिने झाले, तरी बॅग पलंगाखालीच होती. रोज सकाळी ते वाकून तिच्यातून कपडे काढायचे आणि वाळलेले कपडे घडी करून पुन्हा तिच्यातच ठेवायचे. एखाद्या लॉजवर उतरल्यासारखे!

आईला जाऊन दोन वर्षं झाली होती. बेळगावला टिळकवाडीतल्या घरात बाबा एकटेच राहत होते. स्वतःचं स्वतः करून खात होते. जूनच्या पहिल्या पावसात अंगणातल्या शेवाळावरून पाय घसरला आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. दादा अमेरिकेत. त्याने बोलावलं होतं, पण “तिथं जाऊन मी काय करू?” या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडेही नव्हतं. शेवटी मीच राणी चेन्नम्मा एक्स्प्रेसने जाऊन त्यांना घेऊन आले. हात बरा होईपर्यंत, या बोलीवर.

लेकीच्या घरी किती दिवस राहायचं, हे बाबांनी तोंडाने कधी विचारलं नाही. पण महिन्याच्या पहिल्या तारखेला चहाच्या डब्याखाली पाचशेच्या काही नोटा ठेवलेल्या मला सापडू लागल्या. पहिल्या महिन्यात वाटलं, विसरून राहिल्या असतील. दुसऱ्या महिन्यात कळलं. मला फार लागलं ते. पण आमच्या घरात बाबांशी असलं काही थेट बोलायची रीतच नव्हती. मी त्या नोटा उचलून एका पाकिटात ठेवत गेले आणि गप्प राहिले.

आणखी एक गोष्ट रोज घडत होती. दुपारी जेवण झालं की बाबा हॉलमध्ये येऊन टीव्हीसमोर बसायचे. टीव्ही बंद. मी आतल्या खोलीत लेख पुरे करत असायची. आमच्याकडे टीव्हीचा एक रिमोट, सेट टॉप बॉक्सचा दुसरा आणि इंटरनेटच्या डबीचा तिसरा. कुठला आधी, कुठला नंतर, हे बाबांना जमत नव्हतं आणि विचारायचा संकोच होता. चार वाजता नातू शाळेतून आला की तो टीव्ही सुरू करून द्यायचा. तोवर बाबा काळ्या पडद्यापुढे शांत बसून असायचे. हे मी पाहत होते, पण मला दिसत नव्हतं!

खोक्यात निघालं काय?

दसऱ्याच्या सुट्टीत माझ्या दहा वर्षांच्या मुलाने कंटाळून माळ्यावरचं खोकं खाली ओढलं. सुतळी कापली, आईच्या जुन्या सुती साडीची घडी उलगडली आणि तो ओरडला, “आई, हे काय आहे?”

मी बाहेर आले आणि दारातच थबकले. आमचा व्हिडिओ गेम!

पांढऱ्या आणि लालसर तपकिरी रंगाचा तो डबा, त्याला वायरीने जोडलेले दोन रिमोट, एक प्लॅस्टिकची बंदूक आणि तीन कॅसेट. होय, आम्ही त्यांना कॅसेटच म्हणायचो. एका कॅसेटवर ‘९९९९९९९ इन १’ असं छापलेलं होतं. त्यात खरे गेम हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. बाकी तेच तेच पुन्हा पुन्हा! पण त्या आकड्यावर आमच्या गल्लीतल्या पोरांनी कधी शंका घेतली नाही.

तुमच्यापैकी ज्यांचं बालपण नव्वदच्या दशकात गेलं, त्यांना हा डबा आठवेल. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने जुलै १९८३मध्ये ‘फॅमिली कॉम्प्युटर’ नावाचा गेम बाजारात आणला. लोक त्याला ‘फॅमिकॉम’ म्हणू लागले. आपल्याकडे मूळ गेम क्वचितच कुणाकडे आला. आल्या त्या त्याच्या हुबेहूब नकला, कधी या नावाने, कधी त्या नावाने. मारिओ, कॉन्ट्रा, बदकांची शिकार हे गेम भारतातल्या असंख्य मुलांनी या नकलांवरच खेळले.

आमच्या घरी तो आला १९९६च्या दिवाळीत. दादा वर्गात पहिला आला म्हणून बाबांनी खडेबाजारातून आणला होता. मी तेव्हा नऊ वर्षांची, दादा बारा. गेम दादाचा, हे उघडच होतं. माझ्या वाट्याला दुसरा रिमोट आला.

आता या दुसऱ्या रिमोटची एक गंमत सांगते. पहिल्या रिमोटवर मधोमध ‘सिलेक्ट’ आणि ‘स्टार्ट’ अशी दोन बटणं असत. दुसऱ्यावर ती नसतच! ही नकल करणाऱ्यांची चूक नव्हे. मूळ जपानी फॅमिकॉमचीच ती रचना होती. म्हणजे गेम निवडायचा कुणी? पहिल्याने. सुरू करायचा कुणी? पहिल्याने. मध्येच थांबवायचा कुणी? तोही पहिल्यानेच. मारिओ दोघांनी खेळायचा तर पहिल्याच्या वाट्याला मारिओ, दुसऱ्याच्या वाट्याला त्याचा भाऊ लुईजी. आणि लुईजीची पाळी केव्हा? मारिओ मेल्यावर. दादा इतका तरबेज होता, की त्याचा मारिओ काही केल्या मरायचा नाही! मी हातात रिमोट धरून तासन् तास बसलेली असायची. बऱ्याचदा पाळी येण्याआधीच जेवणाची हाक यायची.

दादाच्या दहावीच्या वर्षी, जून १९९९मध्ये, बाबांनी गेम उचलून ट्रंकेत ठेवला आणि कुलूप लावलं. परीक्षा झाल्यावर दादाने तो मागितला नाही. त्याला आता कॉम्प्युटर हवा होता. मीही मागितला नाही. माझा कुठे होता तो?

उलटा बाण

“आई, लावू या ना टीव्हीला!” मुलाने हट्ट धरला.

बाबांचा हात आता मोकळा झाला होता. ते खुर्चीत बसून पाहत होते. मी टीव्ही भिंतीवरून पुढे ओढून मागे डोकावले आणि माझी पंचाईत झाली. जुन्या टीव्हीला मागे पिवळी, पांढरी, लाल अशी गोल भोकं असत. नव्यात तीन चपटी एचडीएमआयची भोकं. आमच्या गेमच्या मागे एक पिवळं, एक पांढरं. पिवळ्यातून चित्र, पांढऱ्यातून आवाज. कुठेच मेळ नाही.

अँटेनाची वायर लावून बघितली. बेळगावला आमच्या बीपीएल टीव्हीला ती लावून दादा बारीक चाक फिरवत चॅनेल पकडायचा. (तो टीव्ही बंगळूरच्याच कंपनीचा होता, याची मला आता मजा वाटते.) नव्या टीव्हीने बराच वेळ शोध घेतला आणि एकही चॅनेल सापडलं नसल्याचं नम्रपणे कळवलं. एका बाजूला हेडफोनसारखं बारीक भोक होतं. त्यात घालायची शेपटीसारखी तीन तोंडांची वायर टीव्हीबरोबर मिळाली होती. ती टीव्हीच्या खोक्याबरोबर केव्हाच रद्दीत गेली होती.

मग मी आधुनिक गृहिणी जे करते ते केलं. फोनवरून एक कन्व्हर्टर मागवला. दोन दिवसांनी काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी अशी एक डबी आली. वायरी जोडल्या. काही नाही. वायरी बदलल्या. तरी काही नाही. मुलगा हिरमुसला. माझे पती म्हणाले, “अगं, असे जुने गेम आता फोनवर मिळतात. सोडून दे.”

तेवढ्यात बाबा उठले. त्यांनी ती डबी माझ्या हातून घेतली, चष्मा कपाळावर सरकवला आणि ती डोळ्यांजवळ नेली.

“याचा बाण उलटा आहे,” ते म्हणाले. “एचडीएमआयखाली ‘इन’ लिहिलंय बघ. ही डबी नव्याचं जुनं करते. आपल्याला जुन्याचं नवं करायचंय.”

चार महिन्यांत बाबांच्या आवाजात तो ठामपणा मी पहिल्यांदा ऐकला. आणि मला एकदम आठवलं, की हा माणूस पस्तीसेक वर्षं टेलिफोन मेकॅनिक होता! माझ्या घरात त्यांना इतके दिवस कुणी वायरीतलं काही विचारलंच नव्हतं.

एस. पी. रोडवर

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं मेट्रोने चिकपेटला उतरलो आणि चालत एस. पी. रोडवर गेलो. मुंबईकरांचा लॅमिंग्टन रोड किंवा पुणेकरांची तपकीर गल्ली डोळ्यांसमोर आणा, म्हणजे हा रस्ता कसा असेल ते कळेल. अरुंद दुकानं, छतापासून लोंबणाऱ्या वायरी, कॉम्प्युटरचे सुटे भाग, पंखे, बॅटऱ्या, मोटारी. चालता चालता बाबा नातवाला सांगत होते, की ही पेठ केंपेगौडांनी १५३७मध्ये वसवली आणि १६३८च्या सुमारास बंगळूर शहाजीराजांकडे आलं.

दुकानदाराशी मी इंग्रजीत सुरुवात केली. बाबांनी मला हाताने मागे सारलं आणि ते आपल्या बेळगावी कन्नडमध्ये बोलू लागले. उत्तर कर्नाटकातलं कन्नड ते, वाक्यावाक्याला ‘री’ लावणारं. बंगळूरकर ‘या’ म्हणायला ‘बन्नी’ म्हणतात, आमच्याकडे ‘बर्री’. दुकानदार हसला. म्हणाला, माझी बायको हुबळीची आहे. मग काय विचारता! स्टूल पुढे आलं, चहा आला, आणि पाचशेच्या आत हवी ती डबी मिळाली. एका बाजूला पिवळं, पांढरं, लाल भोक, दुसऱ्या बाजूला एचडीएमआय. बाण बरोबर दिशेला.

परतताना मेट्रोत मुलाने विचारलं, “आजोबा, पण या डबीत होतं काय?”

“आमच्या खात्यात हेच काम चालायचं रे,” बाबा म्हणाले. “मी लागलो तेव्हा एक्स्चेंज स्ट्रोजर पद्धतीचं होतं. तू डायल फिरवलीस की तिथं खटखट करत यंत्र वर चढायचं. पुढं इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज आलं. पण एका दिवसात सगळीकडं थोडंच येतं? एका गावात नवं, शेजारच्या गावात जुनंच. जुन्याला नव्याची भाषा कळत नाही, नव्याला जुन्याची कळत नाही. मग दोघांच्या मध्ये जंक्शन बसवायचं. दोन्हीकडची भाषा कळणारं. तसंच हे.”

याहून सोपं करून मलाही सांगता आलं नसतं. गेममधून निघणारं चित्र म्हणजे वायरीतून वाहणारी विजेची लाट. कमी-जास्त होणारी, अखंड. नव्या टीव्हीला लाट कळत नाही, आकडे कळतात. मधली डबी ती लाट क्षणाक्षणाला मोजते आणि आकडे पुढे पाठवते.

“आणि त्या एक्स्चेंजमधलं सामान आणि ते काळे टेलिफोन कुठं बनायचे, माहीत आहे?” बाबांनी विचारलं. “इथंच. बंगळूरला. दूरवाणीनगरचा आयटीआय कारखाना, १९४८चा. नोकरीभर या गावाचंच सामान हाताळलं मी.”

बंगळूर हे बाबांच्या दृष्टीने परकं गाव आहे, असं मीच धरून चालले होते.

सोल्डरचा वास

घरी आल्यावर वायरी जोडल्या, पण गेमचा दिवाच लागेना. बाबांनी पलंगाखालून पत्र्याचा डबा काढला. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. मल्टिमीटरने आधी अ‍ॅडॉप्टर तपासला. पिनेजवळ वायर आतून तुटली होती. ती सोलून, जोडून त्यांनी सोल्डर केली. प्लास्टरमधून सुटलेला हात थोडा थरथरत होता. नातवाने वायर धरली. राळेच्या धुराचा तो उग्र, गोडसर वास घरभर पसरला आणि मला क्षणभर टिळकवाडीतला आमचा सोपा दिसला. ओट्यावर आई, सोप्यात बाबा आणि उघडलेला कुणाचा तरी रेडिओ.

मुलाने कॅसेट घेतली आणि तिच्या तोंडात फुंकर मारली. (हे या मुलांना कोण शिकवतं, देव जाणे!) बाबांनी त्याला थांबवलं. तोंडाच्या वाफेने आतल्या पट्ट्यांवर गंज चढतो. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून त्यांनी त्या पुसल्या, वाळू दिल्या. कॅसेट बसवली. दिवा लागला. टीव्हीचा पडदा एकदा लुकलुकला आणि...

मारिओ आला! पण कसा? आडवा सुटलेला, बुटका, गोल गरगरीत.

“हा एवढा जाड कधी झाला?” बाबा म्हणाले आणि आम्ही सगळेच हसलो. बाबासुद्धा. किती दिवसांनी!

कारण साधं होतं. जुन्या टीव्हीचा पडदा चारास तीन या मापाचा, जवळजवळ चौकोनी. नव्याचा सोळास नऊ, लांबट. जुनं चित्र आलं की नवा टीव्ही ते दोन्हीकडून ओढून पडदा भरून टाकतो. त्यात हा गेम म्हणजे आडवे २५६ आणि उभे २४० ठिपके, सगळे मिळून एकसष्ट हजारांच्या आसपास. आमच्या फुल एचडी पडद्यावर वीस लाखांहून अधिक. तेहेतीस-चौतीस पटींची ओढाताण! टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन मी माप ‘चारास तीन’ केलं. चित्र आपल्या जागी परतलं. मारिओ पुन्हा सडपातळ झाला. दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहिले.

“आई, एवढा टीव्ही वाया जातोय!” मुलगा म्हणाला.

“राहू दे,” मी म्हटलं, “त्याचा आकार तसाच आहे.”

बोलले आणि मनात चरकले. चार महिने मी दुसरं काय करत होते? बाबांना साडेसातला जेवायची सवय. आम्ही नऊला जेवतो, म्हणून तेही नऊला जेवत होते. त्यांना सकाळी पेपर हवा असायचा. मी म्हणायची, फोनवर वाचा ना. सोसायटीतल्या हास्यक्लबात मी त्यांचं नाव घातलं होतं आणि ते मुकाट्याने जाऊन खोटं खोटं हसून येत होते. प्रेमानेच, पण मी त्यांना आमच्या पडद्याच्या मापाने ताणत होते. कडेला थोडी रिकामी जागा राहिली असती, तर काय बिघडलं असतं?

न चालणारी बंदूक

अजून एक अडचण होती. उडी मारायचं बटण दाबलं की मारिओ किंचित उशिरा उडी मारायचा. तेवढ्यात खड्ड्यात! नवे टीव्ही चित्र घासूनपुसून, गुळगुळीत करून दाखवतात आणि त्यात थोडा वेळ जातो. सिनेमा पाहताना कळत नाही, खेळताना कळतं. सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ सापडला. तो लावला की टीव्ही सजावट कमी करतो आणि आलेलं चित्र चटकन पुढे पाठवतो. पूर्ण नाही, पण बराच फरक पडला.

बंदुकीचं मात्र काही जमलं नाही. बदकं फडफडत उडत होती, मुलगा नेम धरून चाप ओढत होता, पण एकही बदक पडत नव्हतं. पडद्याला बंदूक टेकवून पाहिली, तरी नाही.

मी वाचून काढलं, तेव्हा त्यामागची युक्ती कळली. त्या बंदुकीतून काही सुटतच नाही. ती फक्त बघते! तिच्या नळीत प्रकाश ओळखणारा एक डोळा असतो. चाप ओढला की गेम क्षणभर सगळा पडदा काळा करतो आणि लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन दाखवतो. आधी अंधार, मग उजेड दिसला, की नेम लागला असं बंदूक कळवते. जुन्या काचेच्या टीव्हीत चित्र आलं की त्याच क्षणी किरण पडद्यावर ओळीमागून ओळ रेखत जातो. त्या वेळेवर आणि त्या प्रकाशाच्या लुकलुकण्यावर बंदुकीचा सगळा हिशेब बांधलेला. नव्या पडद्यावर तो उजेड उशिरा येतो आणि तसा लुकलुकतही नाही. बंदूक आपल्या वेळेला बघते, तिला काही दिसत नाही, आणि ती म्हणते, नेम चुकला. साधी डबी यावर उपाय करू शकत नाही.

मुलगा खट्टू झाला. बाबांनी बंदुकीची वायर नीट गुंडाळली आणि ती आईच्या साडीच्या घडीत परत ठेवली.

“सगळंच काही इकडं येत नाही रे,” ते म्हणाले. “हिचं त्या टीव्हीशीच जमायचं.”

ते बंदुकीबद्दलच बोलत होते का, हे मी विचारलं नाही.

पहिला रिमोट

संध्याकाळी मुलगा खाली खेळायला गेला. गेम चालूच होता. बाबांनी पहिला रिमोट उचलून माझ्यापुढे धरला.

“घे.”

“तुम्ही घ्या बाबा. मला दुसरा चालतो,” मी सवयीने म्हणाले.

“घे गं. यावर स्टार्ट आहे.”

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. म्हणजे यांना ठाऊक होतं?

“दिसायचं मला तेव्हा,” बाबा पडद्याकडे बघत म्हणाले. “तू नुसती हातात धरून बसायचीस. तुझी आई बोललीही होती एकदा. दोन गेम घ्यायची ऐपत नव्हती, हे खरं. पण पाळी लावून द्यायला पैसे लागत नव्हते. ते काही मी केलं नाही. मुलगी सासरी जायची, असंच डोक्यात. आणि आता बघ, राहायला तुझ्याच घरी...” पुढचं ते बोलले नाहीत.

माझा गळा दाटून आला. काय बोलावं ते सुचेना. मी स्टार्टचं बटण दाबलं. दोन खेळाडू. माझा मारिओ चार पावलं चालला आणि समोरून येणाऱ्या पहिल्याच प्राण्यावर आपटून मेला. मग बाबांचा लुईजी. तोही तिथेच मेला! आम्ही बापलेक असे हसलो, की शेजारच्या बाई डोकावून गेल्या.

रात्री अंथरुणावर पडल्यावर मला दुपारचं ते दृश्य पुन्हा दिसलं. बंद टीव्ही आणि समोर शांत बसलेले बाबा. सुरू करून द्यायला कुणीतरी येण्याची वाट पाहणारे. त्यांच्या हातात मी माझ्या घरातला दुसरा रिमोट दिला होता. स्टार्टचं बटण नसलेला!

सकाळी उठून मी लाल नेलपॉलिश घेतलं. टीव्हीच्या रिमोटवर एक ठिपका, सेट टॉप बॉक्सच्या रिमोटवर दोन. आधी एक, मग दोन, एवढंच लक्षात ठेवायचं. तिसरा रिमोट मी कपाटात ठेवून दिला. मराठी वर्तमानपत्र टपालाने सुरू केलं. एक दिवस शिळं येतं, पण बाबांना चालतं. साडेसातला त्यांचं ताट वाढू लागले आणि गंमत म्हणजे आठवड्याभरात मुलगाही त्यांच्याबरोबर जेवायला बसू लागला. आणि चहाच्या डब्याखालच्या नोटांचं ते पाकीट मी त्यांच्यापुढे ठेवलं. “हे माझ्या घरात चालणार नाही,” असं म्हणाले. आवाज थोडा कापला, पण म्हणाले.

बाबांनी पाकीट हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि म्हणाले, “मग दुधाचं बिल मी भरतो. घरातला माणूस म्हणून.” हे मात्र मला मान्य करावंच लागलं.

तुमच्या माळ्यावरही...

असा गेम तुमच्याही माळ्यावर पडून असेल, तर चार गोष्टी ध्यानात ठेवा. घरातला कुठलाही अ‍ॅडॉप्टर उचलून लावू नका. व्होल्ट किती आणि पिनेच्या मध्यावर अधिक आहे की वजा, हे गेमवर छापलेल्या खुणेशी ताडून बघा. डबी घेताना पिवळ्या बाजूला ‘इन’ आणि एचडीएमआयच्या बाजूला ‘आउट’ लिहिलंय ना, हे पाहा. या डबीलाही वीज लागते. ती टीव्हीच्या यूएसबी भोकातून देता येते. टीव्हीला बारीक गोल भोक असेल, तर डबीचीही गरज नाही, पण वायर त्याच टीव्हीची घ्या. वेगवेगळ्या कंपन्यांच्या वायरींमध्ये आतली जोडणी वेगळी असते आणि मग चित्राच्या जागी आवाज जाऊन नुसती घरघर ऐकू येते. आणि चित्र दिसू लागलं, की माप ‘चारास तीन’ करायला विसरू नका.

संक्रांत झाल्यावर बाबा बेळगावला गेले. घराचं दार-खिडक्या उघडायला हव्यात, आईच्या जास्वंदीला पाणी घालायला हवं, म्हणाले. मी अडवलं नाही. परतीचं तिकीट त्यांनी स्वतःच काढून ठेवलं होतं, एप्रिलमधलं. नातवाची परीक्षा संपते त्या दिवसाचं.

त्यांना गाडीत बसवून घरी आले आणि त्यांच्या खोलीत गेले. पलंगाखालची बॅग अर्थातच गेली होती. कपाट उघडलं. चार महिने रिकाम्या राहिलेल्या त्या कप्प्यात पत्र्याचा हत्यारांचा डबा ठेवलेला होता.